पाळीव हॅमस्टर : पडणे व इजा यांपासून जपणूक (ग्रामीण विदर्भ)

हॅमस्टर हा कृंतक (म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या) गणातला, जमिनीखाली बीळ करून राहणारा निशाचर प्राणी. पाळल्या जाणाऱ्या जातींपैकी सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टर १०० ते १५० ग्रॅम भरतो. बुटक्या जाती ३० ते ५० ग्रॅमच्या. सीरियन जातीचे शास्त्रीय वर्णन जॉर्ज वॉटरहाउस यांनी १८३९ मध्ये केले. १९३० मध्ये इस्राएल अहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या शेतातून एक मादी पिल्लांसह खणून काढली आणि आज पाळले जाणारे बहुतेक सीरियन हॅमस्टर तिच्याच वंशातले आहेत. म्हणजे हा सपाट रानातल्या बिळातला जीव. कडुनिंबावरून खाली आलेली खार उठून पळते, घरातला उंदीर आढ्याच्या वाशावरून चालतो. हॅमस्टरला यातले काही जमत नाही. त्याची नजर अधू असते, खोलीचा अंदाज येत नाही, पाय आखूड आणि शेपूट नावापुरती. खाटेच्या काठावर तो थांबत नाही, पुढेही जमीनच असावी तसा चालत राहतो.

त्यामुळे एका फुटावरून पडूनही पाय मोडू शकतो, आणि कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर पडल्यास पाठीचा कणा किंवा पोटातले अवयव दुखावतात. शेणाने सारवलेली जमीन थोडी मऊ खरी, पण आता खेड्यातही बहुतेक घरांत फरशी किंवा टाइल आली आहे.

बहुतेक पडणी हातातून होतात. दिवसा झोपलेल्या हॅमस्टरला पोराने अचानक उचलले की तो दचकून चावतो आणि पोराचा हात झटकला जातो. दोष दोघांचाही नसतो. मुलांना एकच शिस्त लावावी: मांडी घालून जमिनीवर बसायचे, आधी हाक मारून त्याला जागे होऊ द्यायचे, मग दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायचे, आणि उभे राहून कधीच धरायचे नाही. पाहुण्यांना दाखवायलासुद्धा नाही.

पिंजरा कुठे ठेवावा, हा खेड्यातला अवघड प्रश्न आहे. मांजराच्या भीतीने तो कपाटावर, कोनाड्यात किंवा कुलरवर जातो. मुंग्यांच्या भीतीने शिंक्यासारखा टांगला जातो. दोन्ही प्रकारांत धक्का लागला की पिंजऱ्यासकट प्राणी खाली येतो. त्यापेक्षा रुंद, जड पाटावर किंवा बुटक्या चौरंगावर ठेवून झाकणाला तारेची पक्की कडी लावावी. चौरंगाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढत नाहीत. दुधाच्या फडताळासाठी घरोघर हेच करतात. साप आणि मुंगूस ओसरीपर्यंत येतात, म्हणून रात्री पिंजरा आतल्या खोलीत हवा.

पिंजऱ्याच्या आतही पडणे होते. गजांच्या भिंतीवर हॅमस्टर सरसर चढतो, पण उतरता येत नाही म्हणून वरून हात सोडून देतो. याकरिता गुळगुळीत भिंतींची मोठी प्लास्टिकची पेटी, वर हवेसाठी जाळी, ही रचना बरी आणि स्वस्तही. जाळीची भोके सीरियनसाठी सेंटीमीटरच्या आसपास, बुटक्यासाठी अर्ध्या सेंटीमीटरची असावीत. मोठ्या भोकात डोके किंवा पाय अडकतो. मजले नकोत. तळाशी १५ ते २० सेंटीमीटर कागदाच्या तुकड्यांचा थर द्यावा, म्हणजे पडले तरी आधार मिळतो आणि बीळही करता येते. आरामशीनवरचा बारीक भुसा श्वासाला त्रास देतो. गव्हाचे कुटार टोचते. फिरण्याचे चाक सलग पृष्ठभागाचे असावे, सीरियनसाठी किमान २८ सेंटीमीटर व्यासाचे. गजांच्या चाकात पाय अडकून मोडतो. दोन सीरियन हॅमस्टर एकत्र ठेवू नयेत. मोठे झाल्यावर ते एकमेकांना जिवे मारेपर्यंत भांडतात. ‘जोडी’ घेण्याचा आग्रह इथे अंगलट येतो.

कापसाबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. वेचणी सुरू झाली की यवतमाळ, अकोला, अमरावती, वर्धा या पट्ट्यात ओसरीपर्यंत कापूस येतो आणि थंडीत जिवाला ऊब मिळावी म्हणून मूठभर पिंजऱ्यात टाकणे अगदी साहजिक वाटते. टाकू नये. कापसाचा तंतू सहज तुटत नाही. तो पायाला गुंडाळतो आणि प्राणी ओढतो तसा आवळत जातो. रक्त अडून पंजा सुजतो, काळा पडतो आणि पाय गमवावा लागतो. गालाच्या पिशवीत कोंबलेला कापूस पोटात गेला तर आतडे बंद होते. गोधडीचे दोरे, सुतळीचे धागे आणि दुकानात ‘बिछाना’ म्हणून मिळणारी पिंजलेली रुई यांनाही हेच लागू. कोरा पातळ कागद फाडून द्यावा. घरटे तो स्वतः करतो. फवारणी झालेली पऱ्हाटीही कुरतडायला देऊ नये.

हॅमस्टर निसटला तर आधी मांजर बाहेर काढावे आणि धान्याजवळ ठेवलेले उंदराचे औषध व चिकट सापळे उचलावेत. रात्री कणगीच्या मागे, कोपऱ्यांत पिठाचा पातळ थर भुरभुरला की सकाळी पावलांवरून जागा कळते.

पडल्यानंतर रक्त दिसेलच असे नाही. पाय टेकवत नसेल, मागचे पाय ओढत असेल, पाठ कमानीसारखी करून एका जागी बसला असेल, तोंडानाकातून रक्त येत असेल किंवा दात तुटला असेल, तर इजा गंभीर समजावी. चाक काढून छोट्या खोक्यात, कागदाच्या मऊ थरावर, अंधारात व शांत जागी ठेवावे. पाणी व काकडीची फोड तोंडाशी ठेवावी. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत, तेल चोळू नये, काडी बांधू नये. ती तो कुरतडून काढतो आणि मोडलेले हाड आणखी हलते. गावच्या दवाखान्यात बैल, म्हशी, शेळ्या यांचाच सराव अधिक, तरी फोन करून विचारावे, आणि जमल्यास नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे न्यावे. उन्हाळ्यात हा प्रवास पहाटेच करावा, कारण ३० अंशांच्या वरचे तापमान धडधाकट हॅमस्टरलाही सोसत नाही आणि मे महिन्यात इथला पारा ४५ च्या आसपास असतो. पायाचे साधे मोड विश्रांतीने काही आठवड्यांत जुळतात. तोवर त्याला हातात घेऊ नये. रोज संध्याकाळी नुसते पाहावे, दाणे संपले का आणि दुखरा पाय टेकतो का.