महिला बास्केटबॉल प्रशिक्षकाची कारकीर्द (अमेरिकी महाविद्यालये)

अमेरिकेत महाविद्यालयाच्या महिला बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षकपद मिळवायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. भारतात पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या पदविकेला जे वजन आहे, ते तिथे ‘कोणाच्या हाताखाली तयार झालात’ या प्रश्नाच्या उत्तराला असते. सर्वसाधारण क्रम असा : आधी खेळाडू, मग पदव्युत्तर शिक्षण घेता घेता संघाचे पडेल ते काम करणारा ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’, त्यानंतर बरीच वर्षे सहायक प्रशिक्षक, पुढे एखाद्या लहान विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक आणि तिथे संघ उभा करून दाखवला, तर मोठ्या विद्यापीठाचे बोलावणे. सर्वांत वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, साडेतीनशेहून अधिक संघ आहेत. मुख्य प्रशिक्षकाच्या जागाही तेवढ्याच.

ही वाट मुळात आखलेली नव्हती. पॅट समिट (१९५२–२०१६) १९७४ मध्ये सहायक म्हणून टेनेसी विद्यापीठात आल्या, तेव्हा त्या २२ वर्षांच्या होत्या. तिथल्या प्रशिक्षिका रजेवर गेल्या आणि संघ थेट समिट यांच्याच गळ्यात पडला. पगार महिना २५० डॉलर. संघातल्या काही मुली त्यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान. सामन्याला जाताना व्हॅन चालवायची, परत आल्यावर खेळाडूंचे गणवेश धुवायचे, शिवाय स्वतःचे पदव्युत्तर शिक्षण आणि दुखावलेल्या गुडघ्यावर ऑलिंपिकची तयारी. पहिला सामना त्या ८४–८३ असा एका गुणाने हरल्या. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये खेळाडू म्हणून त्यांनी रौप्यपदक मिळवले आणि १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला प्रशिक्षक म्हणून सुवर्ण. टेनेसीतल्या ३८ हंगामांत १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे ही त्यांची कमाई. स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्याचे २०११ मध्ये जाहीर करूनही त्या एक संपूर्ण हंगाम संघाबरोबर राहिल्या.

सहायकाच्या कामाकडे प्रेक्षकांचे लक्ष जात नाही, पण प्रशिक्षक घडतो तो तिथेच. प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांचे व्हिडिओ कापून त्यांच्या चाली टिपून ठेवणे, उन्हाळी स्पर्धांत दिवसभर जिमच्या बाकावर बसून शाळकरी मुलींचा खेळ पारखणे, त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांचा विश्वास मिळवणे हे सारे त्यात येते. खेळाडू मिळवण्याच्या या कामाची दगदग थोडीथोडकी नसते. १९९० मध्ये दिवस भरत आले असतानाही समिट मिशेल मार्सिनियाक या मुलीला भेटायला पेनसिल्वेनियात गेल्या. तिथेच कळा सुरू झाल्या, तरी बाळ टेनेसीतच जन्मले पाहिजे म्हणून त्या विमानाने परतल्या. मार्सिनियाक आधी दुसऱ्या विद्यापीठात गेली, पण नंतर टेनेसीला आली आणि १९९६ च्या विजेत्या संघात चमकली.

टारा व्हॅनडरव्हीर यांची चढण जास्त पद्धतशीर होती. इंडियाना विद्यापीठात खेळत असताना त्या पुरुष संघाचे प्रशिक्षक बॉब नाइट यांचे सराव बसून पाहत आणि टिपणे काढत. पुढे ओहायो स्टेटमध्ये सहायक, १९७८ मध्ये आयडाहोत मुख्य प्रशिक्षक, १९८० मध्ये मुख्य म्हणून पुन्हा ओहायो स्टेट आणि १९८५ मध्ये स्टॅनफर्ड. तिथला संघ त्या वेळी दुबळा होता. १९९० मध्ये तो राष्ट्रीय विजेता झाला. २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांच्या नावावर १,२१६ विजय जमा झाले होते.

सगळ्यांनाच मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची हवी असते असेही नाही. कनेक्टिकट विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्यासोबत क्रिस डेली १९८५ पासून सहायक आहेत. तो संघ देशातल्या सर्वांत यशस्वी संघांपैकी एक झाला, त्यात डेली यांचा वाटा फार मोठा आहे.

१९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने विद्यापीठांत लिंगभेदाला बंदी घातली, त्यामुळे महिला खेळांना पैसा आणि शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. त्याचा एक परिणाम मात्र क्लेशदायक ठरला. त्याआधी महिला संघांच्या दहापैकी नऊहून अधिक प्रशिक्षक स्त्रियाच होत्या, बहुतेक शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका, जवळपास बिनपगारी. पदाला पगार आणि प्रतिष्ठा येताच पुरुष अर्ज करू लागले आणि सर्व खेळ मिळून स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या खाली घसरले. बास्केटबॉलमध्ये स्थिती बरी आहे. त्याचे बरेच श्रेय समिट यांच्यासारख्या प्रशिक्षिकांना दिले पाहिजे, कारण आपल्या खेळाडूंना आणि सहायकांना त्यांनी या पेशात आणले, टिकवले.

कॅरोलिन पेक या समिट यांच्या एकेकाळच्या सहायक. १९९९ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देऊन डिव्हिजन वनमध्ये असे यश मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय प्रशिक्षिका ठरल्या. विजेत्या संघाने बास्केटची जाळी कापून घ्यायची तिथे प्रथा आहे. पेक यांनी आपल्या जाळीचा एक तुकडा डॉन स्टेली यांना दिला. स्टेली यांची वाट निराळीच होती : व्यावसायिक खेळाडू असतानाच २००० मध्ये त्या टेंपल विद्यापीठाच्या प्रशिक्षक झाल्या आणि २००८ मध्ये साउथ कॅरोलिनात आल्या. २०१७ मध्ये त्यांनी विजेतेपद जिंकले आणि पुढे स्वतःच्या जाळीचे तुकडे देशभरातल्या कृष्णवर्णीय प्रशिक्षिकांना टपालाने पाठवले. २०२१ च्या करारात त्यांना सात वर्षांसाठी २ कोटी २४ लाख डॉलर मिळाले.

एवढा पैसा आला, तशी नोकरीची शाश्वती कमी झाली. समिट यांच्या तीन विजेत्या संघांत खेळलेल्या केली हार्पर यांनी तीन विद्यापीठांत मुख्य प्रशिक्षकपद सांभाळून २०१९ मध्ये टेनेसीचे प्रशिक्षकपद मिळवले, पण २०२४ मध्ये त्यांना दूर करण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या किम कॉल्डवेल समिट यांच्या परंपरेतल्या नव्हत्या. ग्लेनव्हिल स्टेट या लहान विद्यापीठाला २०२२ मध्ये डिव्हिजन टूचे, म्हणजे त्याखालच्या गटाचे, विजेतेपद आणि मग मार्शल विद्यापीठात एकच हंगाम, एवढ्या शिदोरीवर त्यांची निवड झाली. जानेवारी २०२५ मध्ये त्या बाळंत झाल्या आणि एक सामना चुकवून पुन्हा संघाजवळ उभ्या राहिल्या.