ब्राउझरच्या इंजिनावर चालणारे एडिटर : पार्श्वभूमी

व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या कोड लिहायच्या एडिटरच्या 'हेल्प' मेनूत 'टॉगल डेव्हलपर टूल्स' असा एक पर्याय असतो. तो निवडला की क्रोममध्ये वेबपान तपासायला जी खिडकी उघडते, तीच इथेही उघडते. आपण लिहीत असलेल्या कोडची प्रत्येक ओळ म्हणजे एक डिव्ह (वेबपानातला खण), ओळीतला प्रत्येक रंगीत तुकडा म्हणजे एक स्पॅन (ओळीच्या आतला छोटा खण), आणि लुकलुकणारा कर्सर म्हणजे एक चिंचोळा डिव्ह, हे तिथे उघड दिसते. लेख, फोटो, जाहिराती दाखवणारे क्रोमियमचे, म्हणजे क्रोमच्या मुळाशी असलेल्या ब्राउझरचे, इंजिन इथे एडिटरचा पडदा झालेले आहे. या प्रकाराचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट सारखी आढळते. एडिटर बनवणारे सुरुवातीला सगळे काम ब्राउझरवर सोपवतात आणि मग एकेक काम त्याच्याकडून काढून घेत जातात.

खरे तर टिम बर्नर्स-ली यांचा १९९०चा पहिला ब्राउझर स्वतःच एडिटरही होता. तो चालत असलेल्या नेक्स्टस्टेप या संगणकप्रणालीत मजकूर लिहिण्याचा तयार घटक मिळत असल्याने वाचणे आणि लिहिणे एकाच खिडकीत जमले. पुढचे लोकप्रिय ब्राउझर मात्र फक्त वाचण्याचे साधन उरले. पानातला कोणताही भाग जागच्या जागी लिहिता येईल अशी सोय मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ५.५मध्ये, २००० साली दिली. तिचे नाव कंटेंटएडिटेबल. इतर ब्राउझरांनी यथावकाश तिची नक्कल केली, पण नेमके काय घडले पाहिजे याचा नियमच कुठे लिहिलेला नव्हता. एंटर दाबल्यावर एक्सप्लोरर नवा परिच्छेद काढायचा, वेबकिट (सफारीचे इंजिन) नवा डिव्ह काढायचे, फायरफॉक्स नुसती ओळ तोडायचा. पडद्यावर तिन्हीकडे सारखेच दिसे, आत मात्र तीन वेगळी पाने तयार होत. यावर भक्कम एडिटर उभा राहणे अवघडच होते.

मग दोन वाटा फुटल्या. मोझिला लॅब्जने फेब्रुवारी २००९मध्ये 'बेस्पिन' दाखवला. त्याने डॉम, म्हणजे ब्राउझर सांभाळतो ती पानातल्या घटकांची रचना, पूर्ण बाजूला ठेवून सगळा मजकूर कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या कोऱ्या चित्रफलकावर, स्वतःच रंगवला. वेग उत्तम मिळाला, पण स्क्रोलबारसुद्धा स्वतः काढावा लागला. २०११च्या सुरुवातीला हा प्रकल्प अ‍ॅजॅक्स डॉट ओआरजीच्या 'एस' एडिटरमध्ये विलीन झाला, आणि एस डॉमवर चालत होता. दुसरी वाट मारैन हावरबेकेच्या 'कोडमिरर'ची. २००७चा पहिला कोडमिरर ब्राउझरच्या लेखनसोयीवर विसंबून होता. २०११च्या दुसऱ्या आवृत्तीने ती सोडली. पडद्यावरच्या ओळी आपण मांडायच्या, कर्सर आपण काढायचा आणि कळा पकडायला एक टेक्स्टएरिया (मजकूर लिहायची साधी चौकट) नजरेआड लपवून ठेवायचा, अशी ती युक्ती. एस आणि पुढे व्हीएस कोडही याच युक्तीवर चालले. गूगल डॉक्सनेही २०१०मध्ये ओळी मांडण्याचे आणि कर्सरचे काम स्वतःकडे घेतले आणि २०२१मध्ये कॅनव्हासकडे वळत असल्याचे जाहीर केले.

हे सगळे ब्राउझरच्या टॅबमध्ये चालले होते. टॅबमधून बाहेर पडून संगणकावरचा स्वतंत्र प्रोग्राम होण्यात कोड साठवण्याच्या गिटहब या सेवेच्या 'अ‍ॅटम'चा वाटा सर्वात मोठा. गिटहबचा सहसंस्थापक ख्रिस वानस्ट्राथने २००८मध्ये फावल्या वेळात सुरू केलेला हा उद्योग फेब्रुवारी २०१४मध्ये लोकांपुढे आला. आकर्षण वेगाचे नव्हतेच. ईमॅक्स या जुन्या एडिटरमध्ये लिस्प ही त्याची भाषा येणाऱ्याला जे स्वातंत्र्य मिळते, ते इथे सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषा येणाऱ्या कुणालाही मिळणार होते. कर्सरचा रंग बदलायचा तर स्टाइलशीटमध्ये एक ओळ लिहायची, बस्स. अ‍ॅटमसाठी झाओ चेंगने क्रोमियम आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) एकत्र बांधून 'अ‍ॅटम शेल' बनवला. एप्रिल २०१५मध्ये त्याचे नाव 'इलेक्ट्रॉन' झाले, आणि माझ्या मते अ‍ॅटमची खरी कमाई हा इलेक्ट्रॉनच.

अ‍ॅटमची चेष्टाही पुष्कळ झाली. उघडायला वेळ लागे, आणि सुरुवातीच्या आवृत्त्यांत २ एमबीहून मोठी फाइल उघडतच नसे. गिटहबच्या मंडळींनी आधी डॉम बदलण्यासाठी फेसबुकचे रिअ‍ॅक्ट लावले, मग ते काढून डॉममधले बदल हाताने लिहिले आणि २०१७च्या १.१९ आवृत्तीत मजकुराचा साठाच सी++ या वेगवान भाषेत हलवला. 'ब्राउझर म्हणजे हळू' हा शेरा तेव्हा रूढ झाला. तो अर्धवट आहे. डॉमला सगळी फाइल दिली तर तो हळू होतो. दिसणाऱ्या चाळीस-पन्नास ओळीच दिल्या तर त्याला फारसे काम उरत नाही.

व्हीएस कोडने हेच काटेकोरपणे केले. झुरिकमध्ये मायक्रोसॉफ्टच्या एरिक गामाच्या गटाने २०११पासून 'मोनॅको' हा एडिटर ब्राउझरसाठी लिहिला होता. एप्रिल २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टने तो चक्क गिटहबच्याच शेलमध्ये बसवून व्हीएस कोड म्हणून जाहीर केला. यात स्क्रोलचा हिशोबसुद्धा ब्राउझरकडे नाही. क्रोममध्ये एखाद्या घटकाची उंची सुमारे ३ कोटी ३५ लाख पिक्सेलपुढे जात नाही. ओळ २० पिक्सेलची धरली तर सोळा-सतरा लाख ओळींनंतर पान संपते आणि लॉग फाइल (प्रोग्रामने केलेल्या नोंदींची फाइल) तेवढ्यात संपेलच असे नाही. पुढे २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहबच विकत घेतले आणि १५ डिसेंबर २०२२ला अ‍ॅटम बंद झाला.

इतके काढून घेतल्यावर ब्राउझरकडे उरले काय? आपल्या मराठीच्या दृष्टीने सर्वात मोलाचे काम त्याच्याकडेच राहिले : अक्षरजुळणी. 'क्ष' हा संगणकाला क, हलंत आणि ष असा तीन संकेतांचा दिसतो. त्याचे एक जोडाक्षर करणे, 'कि'मधली वेलांटी साठवताना नंतर असूनही दाखवताना आधी काढणे, हे क्रोमियममध्ये हार्फबझ ही लायब्ररी करते. कोडच्या फाँटमुळे साध्या इंग्रजी ओळीत सगळी अक्षरे सारख्या रुंदीची असल्याने व्हीएस कोड कर्सरची जागा नुसत्या गुणाकाराने काढतो. ओळीत देवनागरी आली की तो गुणाकार सोडतो आणि अक्षर पडद्यावर नेमके कुठे आहे ते ब्राउझरलाच विचारतो. त्याच खिडकीत खाली टर्मिनल, म्हणजे संगणकाला आज्ञा टाइप करायची जागा, असते. त्याची एक्सटर्म डॉट जेएस ही लायब्ररी वेगासाठी २०१७मध्ये डॉम सोडून कॅनव्हासकडे आणि नंतर ग्राफिक्स कार्ड वापरणाऱ्या वेबजीएलकडे गेली. तिथे मजकूर चौकोनाचौकोनात रंगवला जातो. एकच मराठी वाक्य वर एडिटरमध्ये नीट दिसते आणि खाली टर्मिनलमध्ये त्याची जोडाक्षरे फुटतात ती यामुळे.

अलीकडे प्रवाह दोन्ही दिशांना वाहतो आहे. २०२२च्या सहाव्या आवृत्तीत कोडमिररने कंटेंटएडिटेबलच पुन्हा स्वीकारला, कारण मोबाइलचे कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचे वाचून दाखवणारे प्रोग्राम) लपवलेल्या टेक्स्टएरियाला दाद देईनात. क्रोमने जानेवारी २०२४च्या १२१व्या आवृत्तीत एडिटकॉन्टेक्स्ट ही सोय आणली. तिच्यामुळे कळा आणि आयएमईचा (एकाहून अधिक कळांतून अक्षर जुळवणाऱ्या साधनाचा) मजकूर एडिटरला थेट मिळतो, काही लपवून ठेवावे लागत नाही.

उलट अ‍ॅटमवर काम केलेल्या नेथन सोबो आणि सहकाऱ्यांनी 'झेड' लिहिताना ब्राउझर पूर्णपणे सोडला. रस्ट या भाषेत लिहिलेला हा एडिटर पडदा थेट ग्राफिक्स कार्डकडून रंगवून घेतो. अक्षरजुळणी मात्र त्यानेही स्वतः लिहिली नाही. मॅकवर ते काम अ‍ॅपलच्या कोअर टेक्स्टकडे आहे.