गोल्फ मैदानावरील शिष्टाचार आणि मैदानाची निगा

गोल्फ खेळताना सहखेळाडू, मागून येणारे खेळाडू, मैदानावर राबणारे कर्मचारी आणि खुद्द मैदान यांच्याशी कसे वागावे याविषयीचे संकेत. यांतले काही खेळाच्या नियमांत आहेत, काही त्या त्या क्लबच्या आचारसंहितेत आहेत, आणि बरेचसे जुन्या खेळाडूंकडे पाहून नव्यांनी उचललेले आहेत. सदस्याला ते अधिक बांधतात. पाहुणा एकदा खेळून जातो. सदस्य त्याच हिरवळीवर आठवड्यामागून आठवडे परत येतो, आणि त्याने आज तसाच टाकलेला खड्डा पुढच्या खेपेस त्याच्याच चेंडूखाली येऊ शकतो.

बहुतेक खेळांत मैदान सामन्याआधी तयार होते आणि सामना आटोपला की त्याची डागडुजी होते. गोल्फला ही उसंत मिळत नाही. दिवस उजाडल्यापासून एकामागून एक गट सुटत राहतात आणि शेवटचा गट आधीच्या सगळ्यांनी तुडवलेल्या जमिनीवरूनच जातो. त्यात या खेळाचे मूळ तत्त्व असे, की चेंडू जिथे आणि जसा पडला असेल तिथून तसाच मारायचा. बंकरच्या (मैदानातल्या अडथळ्याच्या खड्ड्याच्या) वाळूत कुणाच्या बुटाचा ठसा राहिला आणि तुमचा चेंडू नेमका त्यात जाऊन बसला, तर नियम सवलत देत नाहीत. फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, आधीच्या खेळाडूने गवताचा खपला काढून खाच तशीच सोडली आणि चेंडू तीत थांबला, तरीही तेच. एकाच्या आळसाची किंमत दुसरा चुकवतो, आणि आळस करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण तोवर तो दोन होल पुढे गेलेला असतो (होल म्हणजे चेंडू घालायचा खळगा, आणि तिथवरचा खेळाचा टप्पाही). गोल्फमधल्या सौजन्याचा मोठा भाग या एका वस्तुस्थितीतून निघालेला आहे.

इतिहास व नियमांतील स्थान : १७४४ मध्ये एडिंबराजवळच्या लीथ येथील खेळाडूंनी आपल्या स्पर्धेसाठी तेरा नियम लिहून काढले. आज उपलब्ध असलेले गोल्फचे सर्वांत जुने लिखित नियम ते हेच. त्यांतला पहिलाच नियम आजच्या खेळाडूला धक्का देणारा आहे : पुढच्या होलसाठी चेंडू टी करायचा (पहिल्या फटक्यासाठी मांडायचा) तो आधीच्या होलपासून एका स्टिकच्या लांबीच्या आत. आज ज्या जागी पाऊलही जपून टाकतात, तिथून तेव्हा पहिला जोरकस फटका मारत. मात्र याच यादीच्या तेराव्या नियमात मैदान राखण्यासाठी खणलेल्या चरांचा उल्लेख येतो. अशा चरात गेलेला चेंडू बाहेर काढून, टी करून खेळण्याची मुभा होती. मैदान जपावे लागते आणि त्यासाठी खेळाने थोडे बाजूला सरावे, ही समज खेळाच्या पहिल्या कागदाइतकीच जुनी आहे.

पुढे दीर्घकाळ नियमपुस्तिकेच्या आरंभी शिष्टाचाराचा स्वतंत्र विभाग असे. नियमांचे काम पाहणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्थांनी २०१९ मध्ये नियमांची फेरमांडणी केली, तेव्हा हा विषय थेट नियम १.२ मध्ये आला. खेळाडूकडून तिथे तीन अपेक्षा आहेत : प्रामाणिकपणे खेळणे, इतरांचा विचार ठेवणे आणि मैदानाची काळजी घेणे. साध्या हलगर्जीपणाला या नियमाखाली दंड नाही. गंभीर गैरवर्तन केल्यास समिती खेळाडूला स्पर्धेतून बाद करू शकते, आणि क्लबने स्वतःची आचारसंहिता लागू केली असेल तर तिच्यात फटक्यांचा दंडही ठेवता येतो. हा बदल योग्यच झाला. वेगळा विभाग असताना ती पाने प्रस्तावनेसारखी उलटली जात. आता ती अपेक्षा बाकीच्या नियमांच्या पंगतीत बसली आहे.

प्रामाणिकपणाला इथे वेगळे वजन आहे, कारण रोजच्या खेळात पंच नसतो. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये अमेरिकी खेळाडू बॉबी जोन्स यांनी फटक्याची तयारी करताना चेंडू किंचित हलल्याचे स्वतःहून सांगितले आणि एक फटक्याचा दंड स्वतःवर लावून घेतला. ते हलणे दुसऱ्या कुणी पाहिलेले नव्हते. ती स्पर्धा बरोबरीत सुटली आणि प्लेऑफमध्ये ते हरले. सदस्याच्या पातळीवर याच सचोटीचा रोजचा प्रश्न हँडिकॅपचा, म्हणजे नोंदवलेल्या राउंडवरून ठरणाऱ्या फटक्यांच्या सवलतीचा असतो. चांगला झालेला राउंड न नोंदवणे आणि वाईट झालेला तेवढा नोंदवणे, ही सहखेळाडूंची सरळसरळ फसवणूक आहे.

ग्रीन : होलभोवतीची आखूड कापलेली हिरवळ, मैदानाचा सर्वांत नाजूक आणि सर्वांत खर्चिक भाग. इथले गवत साधारण ३ मिमी उंचीवर कापलेले असते, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढे. इतक्या आखूड पात्याला अन्न तयार करायला पानच पुरेसे उरत नाही, म्हणून ते कायम ताणाखाली जगते. थंड हवामानात ग्रीनसाठी बेंटग्रास जातीची गवते लावतात, उष्ण हवामानात बर्म्युडा गवताच्या बारीक पात्याच्या संकरित जाती. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. ती चिवट आहे खरी, पण ३ मिमीवर ठेवलेली हरळी आणि बांधावरची हरळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उंचावरून आलेला चेंडू ग्रीनवर आदळला की वाटीसारखा खळगा पडतो. याला पिच मार्क म्हणतात. तो बुजवायला दोन दातांचा छोटा काटा खिशात असावा. नसेल तर टीनेही (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीनेही) काम भागते. बहुतेक जण काटा खळग्याच्या तळाशी खुपसतात आणि माती वर उचकटतात. खळगा भरल्यासारखा दिसतो, पण मुळे तुटलेली असतात आणि काही दिवसांत तिथे तपकिरी टिकली उमटते. खरी पद्धत याच्या उलट आहे. काटा खळग्याच्या कडेबाहेर, चांगल्या गवतात रोवायचा आणि त्याची मूठ मध्याकडे ढकलायची. कडेचे जिवंत गवत आत सरकते. चहूबाजूंनी चार-पाच वेळा असे केले की खळग्याचे तोंड मिटत येते. मग पटरच्या (ग्रीनवर चेंडू घरंगळवायच्या काठीच्या) तळाने हलकेच थोपटायचे. तळवा फिरवून पाहिला तर उंचवटा हाताला लागता कामा नये. या सगळ्याला अर्धा मिनिटही लागत नाही. लगेच आणि नीट बुजवलेला पिच मार्क थोड्याच दिवसांत भरून येतो. तसाच राहिलेला, किंवा चुकीच्या रीतीने उचकटलेला, आठवडे घेतो. स्वतःचा एक बुजवावा आणि जवळ दिसेल तो आणखी एक, अशी जुन्या खेळाडूंची रीत आहे. ती नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी दाखवून द्यावी.

२०१९ पूर्वी ग्रीनवर फक्त पिच मार्क आणि जुन्या होलच्या जागी बसवलेल्या गवताच्या चकत्या दुरुस्त करता येत. चेंडूच्या वाटेत बुटाच्या खिळ्यांचे ओरखडे असले तरी पट (पटरचा फटका) मारण्याआधी त्यांना हात लावता येत नसे. आता बुटांचे, साधनांचे, प्राण्यांच्या पावलांचे असे जवळपास कोणतेही नुकसान नीट करता येते. खेळ मात्र त्यासाठी रेंगाळता कामा नये. गवताच्या मुळांना हवा मिळावी म्हणून कर्मचाऱ्यांनी पाडलेली छिद्रे या सवलतीत येत नाहीत. ती तशीच खेळून न्यायची.

होलची कड जपणे हा वेगळाच विषय आहे. होलचा व्यास १०८ मिमी असतो. आतली पांढरी वाटी ग्रीनच्या पृष्ठभागापासून निदान २५.४ मिमी खाली बसवावी लागते. म्हणजे वरचा इंचभर भाग नुसती माती आणि गवत यांवर उभा असतो. पटरच्या टोकाने चेंडू उकरून काढला, की हीच कड खचते आणि त्यानंतर येणारा प्रत्येक पट बदललेल्या होलमध्ये जातो. चेंडू हातानेच काढावा, काढताना पटरवर भार देऊन टेकू नये आणि दोन्ही पाय होलपासून जरा दूर ठेवावेत. झेंड्याची काठी काढली असेल तर ती टाकू नये, खाली ठेवावी. २०१९ पासून ती होलमध्ये ठेवूनच पट मारता येतो, त्यामुळे ती काढण्या-घालण्याचे प्रसंग कमी झाले आहेत. ग्रीनवर बॅग आणू नये, ट्रॉली नेऊ नये. दुसऱ्याच्या पटच्या रेषेवर पाऊल पडू देऊ नये, सावलीसुद्धा नाही.

बंकर आणि फेअरवे : बंकरमध्ये उतरताना उंच काठावरून उडी मारली तर काठ ढासळतो आणि वाळू खाली येते. जिथे काठ सखल असेल आणि चेंडू जवळ असेल तिथून उतरावे. फटका झाल्यावर आपली पावले, फटक्याची खाच आणि जवळपास कुणाचे राहिलेले ठसेही रेकने (दाताळ्याने) सपाट करत त्याच वाटेने बाहेर यावे. वाळू ओढून एका बाजूला ढीग होऊ देऊ नये. रेक थोडा ढकलत, थोडा ओढत चालवला की पातळी राहते. रेक आत ठेवावा की बाहेर, हे क्लब ठरवतो. नियम करणाऱ्या संस्थांचा कल तो बाहेर, चेंडूला अडणार नाही अशा जागी ठेवण्याकडे आहे. २०२० मधल्या साथीच्या काळात स्पर्श टाळण्यासाठी अनेक ठिकाणी रेक उचलून नेले होते आणि खेळाडू पायाने वाळू सारखी करत. रेकचे मोल त्या काळात पुष्कळांना कळले.

फेअरवेवर आयर्नच्या (धातूच्या माथ्याच्या काठीच्या) फटक्यासरशी गवताचा जो खपला उडतो त्याला डिव्हट म्हणतात. त्याचे काय करायचे हे गवतावर अवलंबून आहे, आणि इथे चांगल्या हेतूनेही चूक होते. बेंटग्राससारख्या गवताचा खपला मुळासकट अखंड निघाला असेल तर तो परत जागी बसवून पायाने दाबावा; तो पुन्हा धरतो. बर्म्युडाचा खपला बहुधा भुगा होऊन उडतो आणि परत बसवला तरी वाळतो. तिथे खाच वाळूने किंवा वाळू-बियाण्याच्या मिश्रणाने भरायची. बाजूचे धावते खोड त्या वाळूवरून पसरत येते. वाळू जमिनीच्या पातळीला आली की पायाने चोपावी; वर ढिगारा राहिला तर गवत कापणाऱ्या यंत्राची पाती बोथट होतात. आपल्या मैदानावर कोणती पद्धत चालते हे सदस्याने एकदा विचारून घ्यावे. सरावाचा झोका घेताना गवत कापले जाऊ नये, टीवर (होल सुरू होतो त्या जागी) तर नाहीच. कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) आहे म्हणून ही कामे आपली नाहीत, हा समज चुकीचा आहे. कॅडी मदत करतो. खाच मात्र खेळाडूने पाडलेली असते.

कार्ट ग्रीन आणि टीपासून दूर ठेवावी. ओल्या जमिनीत चाकाखाली माती दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि गवताची मुळे गुदमरतात. म्हणूनच पावसानंतर कार्ट फक्त पक्क्या वाटेवर ठेवण्याचा हुकूम निघतो. इतर वेळी अनेक ठिकाणी नव्वद अंशांचा नियम असतो : चेंडूच्या समोर येईपर्यंत वाटेने जायचे, तिथे काटकोनात वळून आत शिरायचे आणि त्याच रीतीने परत यायचे. थंड प्रदेशात दव गोठलेले असताना सकाळचा खेळ थांबवतात, त्यामागेही असेच कारण आहे. गोठलेल्या पात्यावर पाऊल पडले की पेशी फुटतात, आणि ऊन चढल्यावर प्रत्येक पाऊल तपकिरी उमटते. अर्धा तास ताटकळणाऱ्याला तेव्हा काहीच दिसत नाही. जे पुसायला पुढे कितीतरी दिवस लागतील ते नुकसान त्या अर्ध्या तासात टळलेले असते.

सुरक्षितता आणि वेग : चेंडू कुणाच्या दिशेने जाताना दिसला तर क्षणाचाही विलंब न लावता ‘फोर!’ अशी मोठ्याने आरोळी द्यावी. ती ऐकणाऱ्याने चेंडू कुठे आहे ते पाहायला मान वर करू नये. डोके झाकून खाली वाकावे. पुढचा गट आपल्या टप्प्याबाहेर गेल्याशिवाय फटका मारायचा नाही, मग कितीही खोळंबा होवो. गवत कापणारे, पाणी घालणारे कर्मचारी समोर असतील तर त्यांनी खूण करेपर्यंत थांबायचे.

वेगाच्या बाबतीत पाहायचे ते पुढच्या गटाकडे. आपण त्याच्या मागोमाग आहोत ना, एवढाच प्रश्न असतो. मागचा गट किती दूर आहे याने काही ठरत नाही. नियम सांगतात, की अडथळा नसेल तर फटक्याला ४० सेकंदांपेक्षा जास्त लावू नयेत. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी ५ मिनिटे होती, २०१९ पासून ३ आहेत. साध्या खेळात दूरच्याने आधी मारायचे या क्रमाला न चिकटता जो तयार असेल त्याने मारावे, यालाही नियमांची संमती आहे. आपल्या पुढे पूर्ण होल रिकामा झाला असेल तर मागच्यांना हाताने खूण करून पुढे जाऊ द्यावे. स्कोअर ग्रीनवर उभे राहून लिहू नये, पुढच्या टीवर लिहावा. दुसरा कुणी फटका मारत असताना हालचाल, बोलणे आणि फोन बंद, हे सांगण्याची वेळ येऊ नये. तरी ती येते.

सदस्य, पाहुणे आणि कर्मचारी : पाहुण्याच्या वागण्याला आणणारा सदस्य जबाबदार असतो. काटा, रेक, डिव्हटची वाळू या गोष्टी त्याने पहिल्या होलआधीच पाहुण्याला समजावून द्याव्यात. राखून ठेवलेली वेळ रद्द करायची असेल तर लवकर कळवावे. दुरुस्तीसाठी आखलेल्या भागात गेलेला चेंडू नियमानुसार बिनदंड बाहेर घेता येतो. तिथून खेळण्याची बंदी असेल तर हट्ट करू नये.

सर्वांत जास्त कुरबुर होते ती ग्रीनला छिद्रे पाडून वर वाळू पसरतात तेव्हा. काही आठवडे पट उड्या मारत जातो. पण दिवसभराच्या पावलांनी दबलेल्या मातीत हवा आणि पाणी उतरण्याचा दुसरा मार्ग नाही. हिरवळीवर वाळू पसरण्याच्या या पद्धतीचे श्रेय सेंट अँड्र्यूजचे मैदान सांभाळणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिस (१८२१–१९०८) यांना दिले जाते. मैदानाला विसावा हवा यावर त्यांचा कटाक्ष होता. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स आजही, मोजक्या स्पर्धांचे अपवाद सोडले तर, रविवारी खेळासाठी बंद असतो आणि त्या दिवशी गावातले लोक त्या हिरवळीवरून कुत्र्यांना घेऊन फिरतात.