पाठ कड्याला लागते तेव्हा

वेरूळच्या सोळा क्रमांकाच्या लेण्यात, कैलासाच्या अंगणात उभे राहून ध्वजस्तंभ आणि देवळाचे शिखर एकाच फोटोत घ्यायचा प्रयत्न करून बघा. दोन पावले मागे, चार पावले मागे, आणि पाठ कड्याला लागते. डोंगरात खोदलेला हा चौक सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद; मागचा कडा १०७ फूट उंच. मधोमध देऊळ, भोवती उरते ती अंगणाची पट्टी. वाइड अँगल लेन्स, म्हणजे जवळूनही रुंद दृश्य मावून घेणारी लेन्स, शौकातून आली असे ज्यांना वाटते, त्यांनी इथे अर्धा तास घालवावा.

मराठवाड्यातल्या लेण्यांवर कॅमेरा आला तो एका चित्रकाराच्या हातून. मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला काढायच्या कामावर नेमले गेले आणि पुढे फोटोही काढू लागले. त्यांच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीची बहुतेक चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत जळाली. हे वाचताना आजही पोटात तुटते. अजिंठा-वेरूळच्या त्यांच्या फोटोंची पुस्तके मात्र १८६४ मध्येच लंडनला छापून झाली होती, ती राहिली. नंतर सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी वेरूळ आणि दौलताबाद टिपले.

जागेच्या अडचणीवर युरोप-अमेरिकेतले लेन्सवाले तेव्हा झगडतच होते. १८६० च्या दशकात गोल चेंडूसारख्या घडणीची ‘ग्लोब’ लेन्स आली. १९०० मध्ये जर्मनीच्या गोएर्झ कंपनीने ‘हायपरगॉन’ काढली. तिला सुमारे १३५ अंशांचे दिसे, पण कडा अंधारायच्या. म्हणून लेन्सपुढे चांदणीच्या आकाराचे एक छोटे चक्र बसवलेले असे. रबरी फुग्याने हवा सोडून ते फोटो चालू असताना फिरवायचे, म्हणजे मधला जादा उजेड अडतो आणि कडांना वेळ मिळतो. वाइड लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसवावी लागे, पण आरसा असलेल्या कॅमेऱ्यात आरसा मध्ये येतो आणि ती फार जवळ नेता येत नाही. ती गाठ फ्रान्सच्या अँजेन्यू कंपनीने १९५० मध्ये ३५ मिलिमीटरच्या लेन्सने सोडवली. २०१९ च्या आयफोन ११ मध्ये तर १२० अंश खिशात आले.

काळ्यापांढऱ्याची गोष्ट वेगळी, पण अडचण तितकीच खरी. गिलच्या काळातल्या काचेच्या प्लेटांना निळा रंग नको इतका दिसे आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे आभाळ कोरे पांढरे व्हायचे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे यांनी १८५० च्या दशकातच समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची दुसरी जोडून एक फोटो छापला. एडिटिंग ते हेच. १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेल यांनी रंगद्रव्य मिसळून प्लेटला हिरवा रंग दिसेल अशी सोय केली आणि १९०६ पासून सगळे रंग जाणणाऱ्या प्लेटा बाजारात मिळू लागल्या. मग लेन्सवर लाल काच लावली की निळे आभाळ गडद व्हायचे. आज आपण एडिटिंगमध्ये निळ्याचा स्लायडर खाली ओढतो, ते त्या लाल काचेचेच काम.

जालन्यात एका स्टुडिओत मी लाल दिव्याखाली आभाळ गडद करायचे हे काम हाताने होताना पाहिले आहे. एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हमधून फोटोच्या कागदावर उजेड पाडणारे यंत्र; जितका उजेड जास्त, तितका कागद काळा. त्याचा उजेड आधी सगळ्या कागदावर दहा सेकंद. मग दोन्ही हातांची ओंजळ उजेडात धरून, ती सतत हलवत, नुसत्या आभाळावर आणखी पाच. हात थांबला की रेघ उमटलीच. सावलीतला दगड उजळायचा तर तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती फिरवायची. फोटोशॉपमध्ये डॉज (उजळणे) आणि बर्न (गडद करणे) यांची चिन्हे आजही हीच आहेत: काडीवरची चकती आणि वळलेला हात. वेरूळच्या काळ्या पाषाणाला आणि ऑक्टोबरातल्या उन्हाला याशिवाय एका कागदावर बसवता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

एक दोष मात्र वाइड लेन्सला आजही चिकटून आहे. कडेला आलेली वस्तू ताणली जाते. कैलासाच्या अंगणातला सोंड तुटलेला दगडी हत्ती कोपऱ्यात घेतला, तर तो दीडपट लांब दिसतो. म्हणून मी हत्ती मध्याकडे घेतो, कॅमेरा सरळ धरतो आणि ध्वजस्तंभाला कडेला जाऊ देतो. खांब थोडा जाड झाला तरी डोळ्याला खुपत नाही.