सीआरआर की एसएलआर: तिजोरीतली रोख नेमकी कुठे मोजायची?

दरवर्षी मनी अँड बँकिंगच्या तासाला फळ्यावर एकच प्रश्न लिहितो. बँकेच्या शाखेत आज संध्याकाळी ४० लाखांच्या नोटा शिल्लक आहेत. त्या सीआरआरमध्ये (कॅश रिझर्व्ह रेशो) धरायच्या की एसएलआरमध्ये (स्टॅच्युटरी लिक्विडिटी रेशो)? दोन्ही म्हणजे ठेवींतला बँकेने सक्तीने राखून ठेवायचा हिस्सा. बेळगावातला बी.कॉम.चा वर्ग, निम्मी पोरं खानापूर, कडोली, येळ्ळूरकडून बसने येणारी. बहुतेक हात सीआरआरला वर जातात. मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘सर, नावातच कॅश आहे की!’

उत्तर एसएलआर. नावात कॅश असलेल्या सीआरआरमध्ये तिजोरीतली कॅश धरत नाहीत आणि नावात कॅश नसलेल्या एसएलआरमध्ये धरतात. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

मराठी पुस्तकांत सीआरआरला रोख राखीव प्रमाण म्हणतात आणि एसएलआरला वैधानिक रोखता प्रमाण. दोन्हीकडे ‘रोख’, दोन्हीकडे ‘प्रमाण’. दोन्ही टक्क्यांत सांगायचे आणि दोन्हीचे टक्के एकाच आकड्यावर काढायचे. तो आकडा म्हणजे एनडीटीएल (नेट डिमांड अँड टाइम लायबिलिटीज), बँक लोकांचं जे देणं लागते ते. सेव्हिंग आणि करंट खात्यातलं मागाल तेव्हा द्यायचं देणं, एफडी-आरडीचं मुदतीनंतर द्यायचं देणं. इतर बँकांशी असलेला देण्याघेण्याचा हिशेब वजा करून राहतं ते ‘नेट’. एवढं सारखेपण असल्यावर पोरांनी गोंधळ घातला तर त्यांना दोष कसा द्यायचा?

पण दोघांचे कायदे वेगळे. शेड्यूल्ड बँकांचा (रिझर्व्ह बँक कायद्याच्या अनुसूचीत नाव असलेल्या बँकांचा) सीआरआर येतो १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ४२ मधून, एसएलआर येतो १९४९ च्या बँकिंग रेग्युलेशन कायद्याच्या कलम २४ मधून. नुसती कलमं पाठ करून काही कळत नाही. पैसा कुठे जाऊन बसतो ते बघायचं.

चिकोडीकडच्या एका शेतकऱ्याच्या खात्यात उसाचं बिल जमा झालं, एक लाख. सीआरआर आज ३ टक्के आहे, म्हणजे तीन हजार रुपये बँकेने रिझर्व्ह बँकेतल्या आपल्या खात्यात शिल्लक ठेवायचे. स्वतःच्या तिजोरीत नाही, तिथल्या खात्यात. त्यावर ३१ मार्च २००७ पासून एक पैसाही व्याज मिळत नाही. एसएलआर १८ टक्के, म्हणजे अठरा हजार. हे बँकेकडेच राहतात, पण ठरावीक रूपात: रोख नोटा, सोनं किंवा मान्यताप्राप्त सरकारी रोखे, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाचे कागद. व्यवहारात जवळजवळ सगळे रोखेच. त्यावर सहा-सात टक्के व्याज येतं. उरले एकोणऐंशी हजार, ते ट्रॅक्टरला द्या, घराला द्या, गणपत गल्लीतल्या कापड दुकानाला द्या. (खरं तर प्रत्येक जमेवर असा हिशेब कुणी करत बसत नाही. आधीच्या एका पंधरवड्याच्या एकूण देण्यावरून पुढचा हिशेब बसतो. पण समजून घ्यायला एक लाख बरे.)

गेल्या वर्षी हे सांगत असताना कन्नड माध्यमातून पीयूसी (अकरावी-बारावी) केलेल्या एका मुलीने वहीत सीआरआरपुढे लिहिलं होतं, ‘नगदु मीसलु अनुपात’. मीसलु हा शब्द आपल्याकडे रोज डोळ्यांपुढे असतो, बसमधल्या राखीव सीटवर. मग त्या दिवशी बसच फळ्यावर काढली. बँक म्हणजे बस, ठेवी म्हणजे शंभर सीटा. तीन सीटा सीआरआरच्या, अठरा एसएलआरच्या, बाकी कुणीही बसा. दोन्ही राखीवच. फरक तिकिटात. एसएलआरच्या सीटवर सरकार बसतं आणि तिकीट काढतं, म्हणजे व्याज देतं. सीआरआरच्या सीटवर रिझर्व्ह बँक बसते आणि काहीच देत नाही. पुढच्या बाकावरच्या मुली एकदम म्हणाल्या, ‘म्हणजे शक्तीचं झिरो तिकीट की सर!’ (शक्ती म्हणजे कर्नाटकातली बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट देणारी योजना.) त्या वर्गात सीआरआरच्या व्याजाचं उत्तर कुणी चुकवलं नाही.

आता मुद्द्याचं. बहुतेक गाइडांत दोघांपुढे एकच वाक्य असतं: ‘प्रमाण वाढवल्यास पतपुरवठा घटतो, चलनवाढ आटोक्यात येते.’ सीआरआरपुरतं हे ठीक आहे. एसएलआरबाबत ते अर्धंच खरं आहे, आणि माझी तक्रार त्या उरलेल्या अर्ध्याची आहे.

सीआरआर वाढला की पैसा बँकिंगच्या फेऱ्यातून बाहेर काढला जातो. रिझर्व्ह बँकेच्या खात्यात गेलेले तीन हजार पुढे कुणाला कर्ज म्हणून मिळत नाहीत, त्यातून नवी ठेव जन्माला येत नाही. गुणक, म्हणजे एका ठेवीतून फिरून फिरून किती पट पैसा तयार होतो तो आकडा, लहान होतो. पुस्तकातला गुणक एक भागिले सीआरआर, म्हणजे ३ टक्क्यांना तेहतीस येतो. प्रत्यक्षात तो याच्या जवळपासही नसतो, कारण लोक नोटा घरात आणि खिशात ठेवतात. पण दिशा बरोबर आहे.

एसएलआरचं तसं नाही. बँकेने अठरा हजारांचे रोखे घेतले म्हणजे सरकारला अठरा हजार मिळाले. सरकार ते पेटीत ठेवत नाही. रस्त्याच्या ठेकेदाराला देतं, सीमाभागातल्या सरकारी मराठी शाळेतल्या मास्तरांचा पगार करतं. मास्तर पगार परत बँकेतच ठेवतात. म्हणजे पैसा फिरतोच, फक्त सरकारच्या वाटेने फिरतो. एसएलआर वाढवल्यावर मुख्यतः बदलतं ते कर्ज कुणाला मिळणार हे. शहापूर-वडगावच्या यंत्रमागवाल्याच्या वाट्याचं सरकारकडे जातं. खाजगी कर्ज आटतं हे खरं, पण एकूण पैसा त्याच मापाने आटतो असं नाही.

इथे सीमाभागाच्या माणसाला थोडं हसू येईल. एसएलआरमध्ये केंद्राचे रोखे चालतात तसे राज्यांचेही चालतात. रिझर्व्ह बँक राज्यांच्या रोख्यांचा लिलाव साधारणपणे मंगळवारी घेते, त्यात कर्नाटकही येतं आणि महाराष्ट्रही. म्हणजे तुमच्या-माझ्या बचतीतून बेंगळूरला उसने जातात आणि मुंबईलाही. सर्वोच्च न्यायालयातला सीमावादाचा दावा चालायचा तेव्हा चालेल, तोवर आपले पैसे दोन्ही सरकारांना व्याजावर दिलेले आहेत.

जुना काळ बघितला की एसएलआरचं खरं रूप दिसतं. १९९० च्या सुमारास एसएलआर ३८.५ टक्क्यांवर होता आणि सीआरआर १५ वर. आपल्या शेतकऱ्याच्या एका लाखातले साडेत्रेपन्न हजार आधीच अडकलेले. उरलेल्या कर्जातूनही ४० टक्के शेती, लघुउद्योग अशा प्राधान्य क्षेत्राला. सरकारला स्वस्तात कर्ज हवं होतं आणि बँकांना नाही म्हणायची सोय नव्हती. १९९१ च्या नरसिंहम समितीने दोन्ही प्रमाणं खाली आणायला सांगितलं. मग एसएलआर टप्प्याटप्प्याने उतरला, २०२० च्या एप्रिलपासून १८ वर आहे. आता कायद्याने सांगायचीही फार गरज उरलेली नाही, बँका स्वतःहूनच १८ पेक्षा बरेच जास्त रोखे बाळगतात. रेपोने, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडून थोड्या मुदतीसाठी, पैसे उचलायचे तर गहाण टाकायला रोखे लागतात, आणि तेही एसएलआरपुरते ठेवून वर उरलेले. एसएलआरमधल्या रोख्यांना हात लावायची परवानगी आहे ती एमएसएफच्या (मार्जिनल स्टँडिंग फॅसिलिटी, रिझर्व्ह बँकेची अडीनडीच्या कर्जाची सोय) खिडकीवर, तीही ठरावीक मर्यादेपर्यंत आणि रेपोपेक्षा चढ्या दराने. घरातलं बियाण्याचं पोतं उघडायची वेळ आली तर उघडा, पण दाम मोजा, असा तो मामला.

सीआरआरचा स्वभाव वेगळा. तो चटकन हलवता येतो. २०१६ चा नोव्हेंबर आठवा. पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि बँकांपुढच्या रांगा खडेबाजाराच्या वळणापर्यंत गेल्या. जमा होणारा पैसा इतका की बँकांना ठेवायचा कुठे कळेना. रिझर्व्ह बँकेकडे तो शोषून घेण्यासाठी तारण द्यायला पुरेसे रोखे नव्हते. मग २६ नोव्हेंबरला आदेश निघाला: १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर या काळात जेवढ्या ठेवी वाढल्या, त्यावर शंभर टक्के सीआरआर. वाढलेला सगळा पैसा बिनव्याजी रिझर्व्ह बँकेत. केंद्राने बाजार स्थिरीकरण रोख्यांची (जादा पैसा शोषून घेण्यासाठीच काढायच्या रोख्यांची) मर्यादा ३० हजार कोटींवरून ६ लाख कोटींवर नेली आणि डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने तो आदेश मागे घेतला. २०२३ मध्ये दोन हजारच्या नोटा परत येऊ लागल्या तेव्हाही असाच, पण १० टक्क्यांचा जादा सीआरआर काही आठवडे लावला होता. एसएलआरने हे काम झालं नसतं. वाढीव ठेवींएवढे रोखे एका आठवड्यात बाजारातून आणायचे कुठून?

उलट्या दिशेनेही तेच. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सीआरआर एक टक्क्याने कमी करायचं ठरवलं, ६ सप्टेंबरपासून चार हप्त्यांत पाव-पाव टक्का, शेवटचा हप्ता २९ नोव्हेंबरला. त्यातून बँकांकडे अडीच लाख कोटी मोकळे होणार होते. परीक्षेत इथे एक गफलत हमखास होते. पोरं लिहितात की सीआरआर पतधोरण समितीने कमी केला. समिती रेपो दर ठरवते. सीआरआर रिझर्व्ह बँक स्वतः ठरवते. गव्हर्नर दोन्ही एकाच भाषणात सांगतात म्हणून एकाच ताटातलं वाटतं, इतकंच.

आणखी एक समज काढून टाकायला हवा. ‘सीआरआर म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला देण्यासाठी ठेवलेला पैसा.’ मी स्वतः विद्यार्थी असताना उत्तरपत्रिकेत हेच लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते, कारण क्वेश्चन बँकेतही तेच छापलेलं होतं. ती क्वेश्चन बँक कुठली ते सांगत नाही. बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळतात ते डीआयसीजीसीच्या (ठेवींचा विमा उतरवणारं महामंडळ) विम्याचे, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत. तीन टक्क्यांत शंभर टक्के ठेवीदारांचं काय भागणार?

आपल्या भागात याला जोडून विचारलं जातं ते सोसायटीचं, म्हणजे पतसंस्थेचं. गल्लीगल्लीत सोसायट्या, त्यातल्या कित्येकांच्या बोर्डावर ‘सौहार्द’. एक-दीड टक्का व्याज जास्त म्हणून लोक तिथे ठेवतात. त्यांचा सीआरआर किती? काहीच नाही. कर्नाटकच्या १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेली सोसायटी ही बँक नाही, तिच्यावर रिझर्व्ह बँकेचा सीआरआर नाही, एसएलआर नाही आणि तिथल्या ठेवीला डीआयसीजीसीचा विमाही नाही. तिचे नियम सहकाराच्या कायद्यातून येतात. सोसायटीने आपले पैसे एखाद्या बँकेत ठेवले की मग त्या बँकेच्या देण्यात ते मोजले जातात. अर्बन को-ऑप बँका मात्र दोन्हीच्या कक्षेत आहेत. त्यातल्या शेड्यूल्ड नसलेल्यांना रोख राखीव स्वतःकडे ठेवायची मुभा असते, तेव्हा फळ्यावरचा माझा प्रश्न त्यांना तसाच्या तसा लागू पडत नाही. हा अपवाद मी वर्गात शेवटी सांगतो. आधी सांगितला तर सगळे तोच लिहून येतात.

या वर्षी तास संपल्यावर शहापूरची एक मुलगी थांबली. तिची आई एका बँकेची पिग्मी गोळा करते. सकाळपासून दुकानं फिरते, कुणाकडून पन्नास, कुणाकडून दोनशे, मशीनवर पावती काढते, संध्याकाळी पिशवी काउंटरवर रिकामी करते. मुलीने विचारलं, ‘सर, आईच्या पिशवीतल्या नोटा कशात?’

म्हटलं, आधी पिशवीचं राहू दे, काउंटरवर आल्यावर काय होतं ते सांग. तिने वहीच्या मागच्या पानावर मांडलं. नोटा तिजोरीत गेल्या, म्हणजे त्या एसएलआरला. पण दुकानदाराच्या खात्यावर पिग्मी जमा झाली, म्हणजे बँकेचं देणं वाढलं. देणं वाढलं म्हणजे त्यावर सीआरआरही आला. पेन्सिल थांबली. ‘पण त्या नोटा तर सीआरआरला चालत नाहीत. मग त्यासाठी बँकेला तिकडे रिझर्व्ह बँकेच्या खात्यात वेगळे पैसे लावायला लागतात?’

‘लागतात.’

‘आईने आणलेल्या नोटांसाठी?’

‘दुकानदाराचं देणं वाढलं ना, त्यासाठी.’

तिने ‘नोटांसाठी’ खोडून ‘देण्यासाठी’ लिहिलं, वही पिशवीत घातली आणि आईला काउंटरवर गाठायला निघाली.