मागं वजन नसेल तर पुढं लोडर जोडून मिळणार नाही

(घाटातल्या रस्त्यावरची माती काढायला ट्रॅक्टर घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

पाऊस सुरू झाला की आमच्या वर्कशॉपचा फोन एकाच प्रश्नानं वाजत राहतो : "रस्त्यावर माती आलीय, लोडर बसवायचाय, किती एचपीचा ट्रॅक्टर घेऊ?" लोडर म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढं बसवायची, माती उचलणारी बकेट. विचारणारे बहुतेक गगनबावडा, आंबा, फोंडा, आंबोली या पट्ट्यातले. कुणाचं रिसॉर्ट, कुणाची काजूची बाग, कुणी छोटा कंत्राटदार, कधी थेट सरपंच. मोठ्या रस्त्यापासून आत तीन-चार, कधी आठ किलोमीटरचा रस्ता, निम्मा डोंगर कापून काढलेला, आणि पावसाळ्यात तो तीन-चारदा तरी बंद. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आंबा घाट दरडींनी बंद पडला. तेव्हापासून जेसीबीची वाट बघण्यापेक्षा घरचंच काहीतरी असावं असं लोकांना वाटायला लागलं. ते बरोबरच आहे.

तर उत्तर आधीच देऊन टाकतो. ४५ ते ५५ एचपी, फोर व्हील (इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते तो; टू व्हीलमध्ये फक्त मागच्या दोन चाकांना), ऑइल ब्रेक, पॉवर स्टिअरिंग. कंपनी कुठलीही घ्या. ज्याचा मिस्त्री तुमच्या तालुक्यात आहे आणि ज्याचा पार्ट दुसऱ्या दिवशी मिळतो, तो ट्रॅक्टर चांगला. ७५ एचपीच्या मागं लागू नका. घाटातल्या वळणावर तो वळवताना जी कसरत होते ती आम्ही पाहिली आहे.

एचपीचा विषय इथं संपला. हे पत्रक छापायचं कारण वेगळं आहे.

आमचं आणि ग्राहकाचं वाजतं ते एकाच गोष्टीवरून. आम्ही मागच्या वजनाशिवाय लोडर जोडून देत नाही. घाटात काम असेल तर टू व्हीलला तर नाहीच नाही. हे वजन म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं टांगायची जड पेटी, ती आम्हीही विकतो, म्हणून "पेटी विकायचा धंदा आहे तुमचा" असं तोंडावर ऐकून घेतलंय. धंदा आहेच, नाही कशाला म्हणू? पण पेटी आमचीच घ्या असं आम्ही कधी म्हटलेलं नाही. वजन हवं, ते कुणाचंही चालेल. का, ते सांगतो.

गेल्या पावसात एक जण टू व्हील ट्रॅक्टर घेऊन आला. ५० एचपी, जेमतेम वर्षाचा. लोडर दुसरीकडं बसवलेला. तक्रार अशी की चढावर बकेट भरली की ट्रॅक्टर पुढं सरकत नाही, चाकं गरगरतात. क्लच गेला असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्यानं प्लेट बदलून घेतली होती. तरी तेच. मग मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. बकेट मातीत घुसली, भरली, वर आली. त्याबरोबर मागचे टायर खालून गोल व्हायला लागले. टायर जमिनीवर दाबून बसलेला असला की खाली थोडा चपटा दिसतो, तो चपटेपणाच गेला. चाकं रस्त्याला नुसती शिवत होती. त्यात ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटर दिला आणि ट्रॅक्टरचं बूड दरीच्या बाजूला हातभर सरकलं. क्लच पहिल्यापासून धडधाकट होता. पैसे गेले ते गेलेच, वर पुढच्या ॲक्सलचा स्पिंडल वाकला होता तो वेगळा.

तराजूच आहे हा. पुढची चाकं म्हणजे दांडीचा मध्य. सोपे आकडे धरू. बकेटमध्ये ५०० किलो ओली माती आहे. ओली माती घनमीटरला १८०० किलोच्या आसपास भरते, म्हणजे बकेट काही फार मोठी नाही. ती पुढच्या ॲक्सलच्या दीड मीटर पुढं आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत दोन मीटर अंतर आहे. तर ते ५०० किलो मागच्या चाकांवरचे ३७५ किलो उचलून घेतात आणि पुढच्या ॲक्सलवर एकूण ८७५ किलो टाकतात. भरलं पाचशे, बसलं पावणेनऊशे. टू व्हीलचा पुढचा ॲक्सल आणि ती ७.५०-१६ ची बारीक चाकं यासाठी केलेली नसतात.

आता मागच्या ॲक्सलच्या एक मीटर मागं ५०० किलो टांगा. मागच्या चाकांवर ७५० किलो वाढतात आणि पुढचे २५० उतरतात. पुढच्या ॲक्सलवर ८७५ ऐवजी ६२५ उरतात. मागची चाकं ३७५ नं हलकी होण्याऐवजी ३७५ नं जड होतात. एकाच वजनात दोन कामं.

चाकं गरगरली तर फार तर काम अडतं. खरी भीती उताराची. ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या चाकांना असतो. पुढच्या चाकांना ब्रेकच नाही. याची वीस वर्षं ट्रॅक्टर चालवणाऱ्यालाही आठवण करून द्यावी लागते, कारण शेतात त्याची कधी गरज पडत नाही. भरलेली बकेट घेऊन घाट उतरताना ट्रॅक्टर आधीच नाकावर कललेला असतो, मागचा भाग हलका झालेला असतो. ब्रेक दाबला की मागची चाकं जागच्या जागी थांबतात आणि ट्रॅक्टर घसरत खाली जातो. ब्रेक चांगलाच आहे, पण ज्या चाकाला आहे त्या चाकावर वजन नाही. फोर व्हील टाकलेली असेल तर पुढची चाकं शाफ्टनं मागच्यांना जोडलेली राहतात, म्हणून ब्रेक आणि इंजिनाचा धाक दोन्ही पुढं पोचतात. घाटाला आम्ही फोर व्हील म्हणतो ते चढासाठी कमी, उतारासाठी जास्त. आणि उतारावर फोर व्हीलचा लिव्हर काढायचा नाही, डिझेल वाचतं म्हणून तर मुळीच नाही.

"मागं ट्रॉली आहे की!" हे उत्तर ठरलेलं. ट्रॉली हे वजन नव्हे. रिव्हर्स घेताना ती दुमडते, आणि माती काढायच्या कामात निम्मा वेळ रिव्हर्सच असतो. रेतीची पोती बांधली तर ती भिजतात, सरकतात, तिसऱ्या दिवशी फाटतात. आणि कृपा करून मागं माणसं उभी करू नका. दोन माणसं म्हणजे सव्वाशे-दीडशे किलो. पाय घसरला की माणूस थेट टायरखाली. असा फोटो आम्हाला कौतुकानं पाठवला जातो, त्यावर काय लिहावं कळत नाही.

पेटी घरी करायची असेल तर

६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा काँक्रीटचा ठोकळा साधारण ५२० किलो भरतो. २०० लिटरचं बॅरल काँक्रीटनं भरलं तर ४८० च्या आसपास. दोन्ही चालतात. आत चॅनेलचा सांगाडा घालून मगच ओता, नाहीतर पिन काँक्रीटमधून उपटून येते. खालच्या दोन पिना २८ मिलिमीटरच्या, त्यांच्यातलं अंतर ८२५ मिलिमीटर, वरच्या टॉप लिंकची पिन २५ ची. ही मापं कॅटेगरी दोनची, म्हणजे मागच्या तीन हातांच्या जोडणीच्या ठरलेल्या मापांपैकी दुसऱ्या गटाची. ४५ एचपीच्या वरच्या बहुतेक ट्रॅक्टरना लागतात, तरी आपली पट्टी लावून बघा. खालच्या हातांच्या साखळ्या ताणून घट्ट करा. त्या सैल राहिल्या तर वळणावर ठोकळा झोके घेतो आणि पाचशे किलोचा झोका ट्रॅक्टरलाच हलवतो. पेटी जमिनीपासून वीतभर वर ठेवा. उंच उचलून फिरवायची नाही.

आमची पेटी पत्र्याची, आत लोखंडी वजनं काढता-घालता येतात, म्हणजे चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टर मोकळा करता येतो. तेवढाच फरक. किंमत मागच्या एका टायरपेक्षा कमी पडते.

टायरात पाणी भरलं तर चालेल का, असंही विचारतात. भरा. १३.६-२८ च्या एका टायरात पाऊण भागापर्यंत साधारण दीडशे ते पावणेदोनशे लिटर जातं. पण ते वजन मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर बसतं, मागं लोंबकळत नाही. त्यामुळं पकड वाढते, पुढच्या ॲक्सलचा भार एका किलोनंही कमी होत नाही. पाणी भरा आणि पेटीही लावा.

आमच्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही, ऊस मोजायचा वजनकाटा गावोगाव आहे. बकेट भरून वर घ्या आणि फक्त मागची चाकं काट्यावर चढवा. मग पूर्ण ट्रॅक्टर मोजा. मागचं वजन एकूण वजनाच्या ४० टक्क्यांखाली असेल तर त्या ट्रॅक्टरनं घाटात जायचं नाही, असा आमचा नियम आहे. वर्कशॉपमधून बाहेर पडणारा प्रत्येक ट्रॅक्टर आम्ही असाच मोजून देतो. वीस मिनिटं जातात. घाई असेल तर दुसऱ्या दिवशी या.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगतो. जाहिरातीत "लिफ्ट १८०० किलो" लिहिलेलं असतं, ती मागच्या उचलीची क्षमता. लोडरशी तिचा संबंध नाही. लोडरला तेल द्यायला वेगळा व्हॉल्व्ह लागतो. नवीन ट्रॅक्टर घेताना तो कंपनीकडूनच बसवून मागा, नंतर बसवायला महाग जातं. एका लिव्हरवर पुढं-मागं जाणारा शटल गिअर मिळाला तर घ्या, दिवसाला शेकडो वेळा रिव्हर्स पडतो. डोक्यावरचा लोखंडी सांगाडा आणि सीटबेल्ट दोन्ही हवेत. पीटीओची, म्हणजे मागचं अवजार इंजिनावर फिरवणाऱ्या शाफ्टची, या कामाला गरज नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या विक्रीच्या विरोधात जाते, तरी सांगतो. दहापैकी सहा-सात ग्राहकांना लोडर लागतच नाही. रस्त्यावर माती येते ती बहुतेक वेळा गटार तुंबल्यामुळं. डोंगराकडचं गटार पालापाचोळ्यानं आणि जांभ्याच्या खड्यांनी भरतं, पाणी रस्त्यावर चढतं, येताना चिखल घेऊन येतं, रस्त्याची दरीकडची कड खाऊन जातं. मागं लावायचा तिरका करता येणारा ब्लेड घ्या आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा, मग पंधरा दिवसांनी एकदा गटार ओढून काढा. ब्लेड लोडरच्या पाव किमतीत येतो. तो मागंच असल्यामुळं वजनाची वर सांगितलेली कटकटही नाही. दोन पावसाळे ब्लेडवर काढून बघा, मग लोडरचं बोलू.

आणि खरोखरची दरड, म्हणजे काळ्या पाषाणाचे धोंडे खाली आले असतील, तर ते ट्रॅक्टरचं कामच नाही. जेसीबी सात-आठ टनांचा असतो, ट्रॅक्टर दोन-सव्वादोन टनांचा. वरून माती सुटत असेल तोवर तर कुठलंही मशीन खाली घालू नका. सरकारी रस्ता असेल तर आधी बांधकाम खात्याला कळवा.

मनालीकडं कॅम्प चालवणारे पुण्याचे एक-दोघे बर्फासाठी ब्लेड विचारून गेले. तिकडचं गणित उलटं आहे. ताजा बर्फ घनमीटरला शंभर किलोही भरत नाही, तेव्हा ट्रॅक्टरला तो हलका. पण दोन दिवस पडून दबला आणि भिजला की चार-पाच पट जड होतो, म्हणून पडल्या पडल्या ढकलावा लागतो. चाकांना साखळ्या लागतात. टायरात साधं पाणी चालत नाही, गोठतं. कॅल्शियम क्लोराइड मिसळावं लागतं. कॅम्पपासून सडकेपर्यंतचा रस्ता ट्रॅक्टरनं होईल. रोहतांगसारख्या खिंडी बीआरओवाले (सरहद्दीचे रस्ते सांभाळणारं सरकारी खातं) डोझर आणि स्नो कटर लावून उघडतात, तो वेगळाच खेळ. मागचं वजन मात्र तिथंही तेच. बर्फावर घसरायला चिखलापेक्षा कमी निमित्त लागतं.

लोडर करून घ्यायला एप्रिलमध्ये या. जूनमध्ये आलात तर तीन आठवडे थांबावं लागेल आणि तोवर पाऊस थांबणार नाही. येण्याआधी व्हॉट्सॲपवर चार फोटो पाठवा : पुढचा ॲक्सल खालून, इंजिनाच्या बाजूची नट-बोल्टची भोकं, मागचे तीन हात, आणि टायरवरचा नंबर. ट्रॅक्टर अजून घेतला नसेल तर फारच उत्तम, शोरूमला जाण्याआधी फोन करा. फोटोत बोनेट नको. सगळे बोनेटचाच फोटो पाठवतात, हार घातलेला, आणि मग ॲक्सल बघायला आम्हाला परत फोन करावा लागतो.