पोटातल्या चौदा सुया

देवगडकडे कलमांच्या बागेत राखणीला कुत्रा असतोच. पिल्लू खेळता खेळता दात लावतं आणि पडवीवरचं कुणीतरी हमखास म्हणतं, "आता पोटात चवदा सुयो घेवक लागतत!" त्या धास्तीने माणसं जखमेत चुना नाहीतर तिखट भरून गप्प बसतात.

गोष्ट एकेकाळी खरी होती. कसौलीत डॉ. डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली काढलेली रेबीजवरची लस आपल्याकडे मेंढ्यांच्या मेंदूपासून बनायची आणि पोटावर टोचली जायची. २००४ अखेर तिचं उत्पादन थांबलं. धाक मात्र राहिला. आताची लस दंडात देतात, लहान मुलांना मांडीत. पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४, २८ असे पाच डोस. कातडीत टोचायच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजशी लढणारी तयार प्रतिपिंडं, तीही टोचावी लागतात.

चुना, तिखटाने जखम चिघळते. त्याऐवजी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, मग लगेच दवाखाना. "आमचो घरचोच आसा" हे ऐकून डॉक्टर विचारतीलच, त्याला लस कधी दिली? रात्री बागेत तो कोल्ह्याशी भांडून आलेला असतो, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं!